पोफळीची सावली आणि कंधारचे ऊन

कंधारच्या कुठल्याही किराणा दुकानात सुपारी मिळते. पूजेत गणपती म्हणून तांदळाच्या राशीवर सुपारी मांडतात, सोयरीक पक्की झाली की सुपारी फुटते, वाजंत्र्यांना काम ठरवून देताना सुपारी देतात. ('सुपारी देणे' हा शब्द आता गुन्हेगारीच्या बातम्यांत जाऊन बसला आहे, त्याला झाडाचा इलाज नाही.) पण ही सुपारी ज्या झाडाला लागते ती पोफळ कंधारच्या बहुतेक मुलांनी पाहिलेली नसते. शिंदीची झाडे त्यांना माहीत असतात. पोफळीचे पीक मात्र या भागात नाही. ज्या वस्तूशिवाय घरातले एकही कार्य पार पडत नाही ती शेकडो वर्षे बाहेरूनच आणावी लागली, असे का झाले असावे?

झटकन सुचणारे उत्तर म्हणजे पाऊस. नांदेड जिल्ह्यात सरासरी नऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर सुपारीसाठी नावाजलेल्या श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर तो तीन हजारांच्या घरात जातो. उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. कोकणातला पाऊसही चार महिन्यांतच पडून जातो. उरलेले आठ महिने तिथल्या वाडीला विहिरीचे पाणी द्यावे लागते, पूर्वी ते बैलांच्या रहाटाने काढीत. आणि कंधारला पाणी साठवण्याची कला नवीन नव्हती. राष्ट्रकूटांच्या काळातला जगत्तुंग समुद्र हा तलाव कंधारचाच, आणि किल्ल्याभोवतीचा पाण्याचा खंदक आजही पाहायला मिळतो. राष्ट्रकूट राजा कृष्ण तिसरा (इ.स. ९३९–९६७) याला कंधारपुराचा अधीश्वर म्हणत. अशा राजधानीच्या नगरात चार पोफळींना पुरेल इतके पाणी नव्हते, असे म्हणणे अवघड आहे. तेव्हा पाण्याखेरीज आणखी काहीतरी कमी होते.

ते समजण्यासाठी पोफळीचे कूळ पाहावे लागते. शास्त्रज्ञ ज्या अरेका प्रजातीत पोफळीला घालतात, तिच्यात सुमारे पन्नास जाती आहेत. त्यांतल्या बहुतेक आग्नेय आशियातल्या सदाहरित पावसाळी जंगलांत, उंच झाडांच्या छत्राखाली वाढणाऱ्या आहेत. आपली पोफळ मूळची नेमकी कोणत्या बेटावरची हे ठरवणे कठीण, कारण माणसाने तिला इतक्या ठिकाणी नेऊन लावले आहे की रानटी आणि लावलेली यांत फरक करता येत नाही. मलाया-फिलिपाईन्सच्या परिसरात तिचे घर असावे असे मानतात. तिथून ती माणसांच्या हातून, बहुधा समुद्रमार्गे, भारतात आली. कालिदासाच्या काळापर्यंत ती इथली होऊन गेली होती. रघुवंशात इंदुमतीच्या स्वयंवराच्या वेळी पांड्य राजाच्या मलय देशाचे वर्णन येते, त्यात पोफळींना नागवेलीने विळखा घातलेला आहे. म्हणजे दाट बागेचे ते दृश्य कवीला चांगले परिचयाचे होते.

जंगलाच्या तळाशी वाढणाऱ्या झाडाची घडण उघड्या माळावरच्या झाडापेक्षा वेगळी असते. वरच्या छत्रातून गाळून आलेल्या थोड्या उजेडावर त्याला पोट भरायचे असते. त्यामुळे पाने रुंद, हिरवीगार आणि मानाने पातळ. उजेड पकडण्यासाठी ही रचना उत्तम, पण तेच पान भर उन्हात ठेवले की त्याचे हाल होतात. पान जितके रुंद तितके ते जास्त तापते. तापलेले पान थंड राहण्यासाठी पाणी बाहेर टाकते, आणि मुळांकडून तितके पाणी आले नाही की पर्णरंध्रे मिटून घेते. रंध्रे मिटली की कर्बवायू आत येत नाही. ऊन मात्र थांबत नाही. पकडलेल्या प्रकाशाचे काय करायचे हे पानाला उमगत नाही, हरितद्रव्याची मोडतोड होते, पान पिवळे पडते आणि शेवटी करपते.

म्हणजे सावली हा नुसता उजेडाचा प्रश्न नाही, हवेच्या कोरडेपणाचाही आहे. एक गणित वर्गात करून पाहण्याजोगे आहे. समजा कंधारला मे महिन्यातल्या दुपारी तापमान ४२ अंश सेल्सियस आहे आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के. ४२ अंशाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ५६ ग्रॅम बाष्प मावते. प्रत्यक्षात आहे त्याचा पाचवा हिस्सा, म्हणजे ११ ग्रॅम. हवेला आणखी ४५ ग्रॅम पाणी 'हवे' आहे. त्याच वेळी किनाऱ्यावरच्या एखाद्या वाडीत, झाडांखाली, तापमान ३२ अंश आणि आर्द्रता ७० टक्के धरू. ३२ अंशाला सुमारे ३४ ग्रॅम मावते, त्यांतले २४ ग्रॅम हवेत आहेतच. उरली तहान १० ग्रॅमची. दोन्ही ठिकाणी झाडाच्या बुडाशी सारखेच पाणी ओतले तरी कंधारची हवा पानातून साडेचार पट जोराने पाणी ओढते. मोटेने किंवा पाटाने मुळाशी पाणी देता येते, पण हवेची तहान भागवता येत नाही.

कोकणातल्या, गोव्यातल्या आणि उत्तर कानड्यातल्या बागायतदारांनी नेमकी हीच गोष्ट साधली. त्यांनी हवा बनवली. कोकणात तिला आगर किंवा वाडी म्हणतात, गोव्यात कुळागर. वरच्या थरात नारळ, फणस, आंबा, त्याखाली पोफळी, पोफळींवर चढलेली मिरी आणि नागवेल, खाली केळी, जायफळ, अननस, अळू. भर दुपारी कुळागरात पाऊल टाकले की गारवा अंगाला जाणवतो. प्रत्येक पान थोडे बाष्प सोडते आणि झाडांच्या गर्दीमुळे वारा ते उडवून नेत नाही, म्हणून सर्वांनी मिळून सोडलेल्या ओलाव्यात प्रत्येकाचे काम हलके होते. हे ज्ञान कुठल्या ग्रंथातून आलेले नाही. जमिनीचा उतार, पाट कुठून काढायचा, कोणत्या बाजूला कोणते झाड ठेवायचे, हे पिढ्यान् पिढ्या बघून ठरत गेले.

यातली एक युक्ती मला फार आवडते. पोफळीचे खोड पातळ, उंच आणि कोवळेपणी हिरवे असते. दुपारनंतर नैऋत्येकडून येणारे तिरपे ऊन त्या खोडावर थेट पडले तर साल भाजते, तिथे भेगा पडतात आणि पुढे कधीतरी वादळात झाड त्याच जागी मोडते. म्हणून बागेच्या दक्षिण-पश्चिम कडेला उंच झाडांची भिंत उभी करतात. ती नसेल तर झावळीच्या बुडाची रुंद विरी खोडाभोवती गुंडाळून बांधतात. झाडाला त्याच्याच वस्तूचा सदरा! नवीन लावणी करतानाही आधी केळी लावायच्या, त्या वाढल्या की त्यांच्या आडोशाला पोफळीची रोपे. आज कृषी संशोधन केंद्रे साधारण २.७ मीटरचे अंतर आणि पहिली चार-पाच वर्षे केळीची सावली अशी शिफारस करतात. सुपारीवर संशोधन करणारे मध्यवर्ती केंद्र १९५६ मध्ये कर्नाटकात विट्टल येथे सुरू झाले. म्हणजे शास्त्राने ज्याचे मोजमाप केले ते बागायतदारांच्या हाताला आधीपासून माहीत होते.

ओलाव्याची किंमतही मोजावी लागते. पावसाळ्यात कोवळी फळे कुजवून गाळणारा 'कोळेरोग' ही बुरशीसारखी व्याधी ओल्या हवेतच फोफावते. म्हैसूर संस्थानात काम करणाऱ्या लेस्ली कोलमन या शास्त्रज्ञाने तिच्यावरचा अभ्यास १९१० मध्ये प्रसिद्ध केला, आणि पुढे मोरचूद व चुना यांच्या मिश्रणाची, म्हणजे बोर्डो मिश्रणाची, फवारणी रूढ झाली. त्याआधी बागायतदार प्रत्येक घोसाला पानांची टोपी चढवीत. पोफळीसारख्या उंच, बारीक झाडावर भर पावसात चढून! सुपारी स्वस्त का नसते याचे थोडे उत्तर यात आहे.

आता पुन्हा पठारावर येऊ. विड्यात पान आणि सुपारी दोन्ही लागतात. त्यांतले पान पठारावर पिकले आणि सुपारी पिकली नाही, ही गोष्ट मोठी बोलकी आहे. नागवेलही सावलीतलीच. पण शेवरी, शेवगा, पांगारा, हादगा ही लवकर वाढणारी झाडे दाट लावून, भोवती कुडाचा आडोसा करून पानमळ्यात तिच्यापुरती गार हवा तयार करता येते. वेल फार उंच गेली की उतरवून पुन्हा मातीत पुरतात, त्यामुळे ती कायम त्या छताखालीच राहते. पोफळीचे तसे नाही. ती पंधरा मीटर आणि त्याहूनही उंच जाते आणि चाळीस-पन्नास वर्षे उभी राहते. तिच्या डोक्यावर शेवरीचे छत किती दिवस पुरणार? शिवाय तिला शेंड्याशी एकच कोंब असतो. तो उन्हाने मेला की फांदी फुटून झाड सावरत नाही, संपते. व्यापाराचेही गणित याला जुळते. पान दोन दिवसांत कोमेजते, ते जवळच पिकवले पाहिजे. वाळवलेली सुपारी मात्र महिनोन् महिने टिकते. बैलाच्या पाठीवर घाट चढून ती कंधारलाच काय, कुठेही जाऊ शकते.

आणि ती जात होती. अल् मसूदी हा अरब प्रवासी इ.स. ९१६ मध्ये चौलला आला होता. चौल म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातले, श्रीवर्धनच्या उत्तरेचे बंदर. तिथे शिलाहारांची सत्ता होती आणि शिलाहार राष्ट्रकूटांचे मांडलिक होते. पान, चुना आणि सुपारी एकत्र चघळण्याची इथली रीत त्याने लिहून ठेवली आहे, आणि मक्का, येमेनचे लोकही आता सुपारीची आवड धरू लागले आहेत अशी नोंद केली आहे. राष्ट्रकूटांनंतर कल्याणीचे चालुक्य आले. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, लातूर-नांदेडच्या शेजारच्या बिदर जिल्ह्यातले. तिथला राजा सोमेश्वर तिसरा याने इ.स. ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजाने घ्यायच्या उपभोगांत तांबूलभोगाला स्वतंत्र जागा आहे. आजूबाजूला एकही बाग नसताना सुपारीची पारख करणारा दरबार! पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेचे अभिरक्षक प. कृ. गोडे (१८९१–१९६१) यांनी तांबूलाच्या इतिहासावर असे पुष्कळ संदर्भ गोळा करून लेख लिहिले आहेत. एका लहानशा वस्तूवरून इतिहास कसा उलगडतो ते पाहायचे असेल तर शिक्षकांनी ते जरूर मिळवून वाचावेत.

सोळाव्या शतकात या झाडाची लेखी नोंद नव्या पद्धतीने होऊ लागली. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत असे आणि अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडेही त्याचे येणे-जाणे होते. त्याचा औषधी वनस्पतींवरचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. मलबारात या फळाला काय म्हणतात, अरब काय म्हणतात हे सांगून तो लिहितो की गुजराती आणि दख्खनी लोक याला 'सुपारी' म्हणतात. युरोपीय भाषांत रूढ झालेला 'अरेका' हा शब्द मात्र दक्षिणेतल्या 'अडक्का', 'अडिके' या शब्दांवरून पोर्तुगीजांच्या तोंडून गेला. १७५३ मध्ये लिनियसने झाडाला शास्त्रीय नाव दिले तेव्हा त्याने तोच शब्द उचलला. झाडाची नावे गंमतीची असतात. गोव्यात पोफळीला 'माडी' म्हणतात, आणि मालवणात माडी मागितली तर पुढे भलतेच पेय येईल.

ओर्तानंतर शंभर वर्षांनी कोचीनचा डच अधिकारी व्हान रेडे याने 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला (१६७८–१६९३). पहिल्याच खंडाच्या आरंभी ताडकुळातली झाडे आहेत: आधी नारळ, मग पोफळ. मजकुराचा पाया इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याच्या माहितीवर उभा होता. शिवाय रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट या तीन कोंकणी वैद्यांनीही मदत केली. त्यांचे १६७५ चे कोंकणी भाषेतले, देवनागरी लिपीतले प्रमाणपत्र १६७८ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये छापलेल्या पहिल्या खंडात आहे. युरोपात छापल्या गेलेल्या देवनागरीचा हा फार जुना नमुना. आपल्याकडच्या झाडांचे ज्ञान कोणाचे होते, याचा असा सही-शिक्क्यानिशी पुरावा क्वचितच मिळतो.

चित्र गेले, वर्णन गेले, पण जिवंत झाड युरोपात नेणे सोपे नव्हते. सावलीत वाढणारी रोपे जहाजाच्या डेकवर खाऱ्या वाऱ्याने आणि उन्हाने मरत. हा प्रश्न सुटला तो जवळजवळ योगायोगाने. लंडनचा डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड याने १८२९ मध्ये एका बंद बाटलीत ओल्या मातीवर पतंगाचा कोष ठेवला होता. त्या मातीत आपोआप नेच्याचे रोप उगवले आणि पाणी न घालता वाढत राहिले. पानांतून निघालेले बाष्प काचेवर जमून पुन्हा मातीत उतरत होते. वॉर्डने तशा काचेच्या पेट्या बनवून १८३३ मध्ये झाडे सिडनीला पाठवली. ती जिवंत पोहोचली! वॉर्डची पेटी आणि आपली वाडी यांत तत्त्व एकच आहे. बाष्प निसटू द्यायचे नाही. एकाने ते काचेने साधले, दुसऱ्याने झाडांनी.

त्यानंतर उष्ण प्रदेशातली सावलीची झाडे श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत गेली. लंडनजवळच्या क्यू उद्यानात १८४४ ते १८४८ या काळात ताडवृक्षांसाठी लोखंड आणि काचेचे भले मोठे घर बांधले गेले. मेक्सिको-ग्वाटेमालाच्या जंगलातला बुटका चामेडोरिया घरात ठेवण्याचा ताड म्हणून लोकप्रिय झाला. अंधाऱ्या, कोंदट खोलीत तग धरणारी झाडे ती हीच, कारण जंगलाच्या तळाशी त्यांना उजेडाची सवयच कमी. भारतात सरकारी बंगल्यांच्या ओसऱ्यांवर कुंड्यांची जी रांग दिसते ती या फॅशनचीच पुढची पायरी.

आज कंधारच्या शाळेत, बँकेत किंवा मंगल कार्यालयात कुंडीत जो 'अरेका पाम' दिसतो तो त्याच रांगेतला. तो पोफळ नव्हे, हे मुलांना मुद्दाम सांगावे. त्याला सुपारी लागत नाही. तो मादागास्कर बेटाच्या पूर्व किनाऱ्याकडचा वेगळा ताड आहे. जगभरच्या रोपवाटिकांत तो लाखांनी वाढतो, पण त्याच्या मूळ गावी त्याची रानटी झाडे कमी होत चालली आहेत आणि निसर्गसंवर्धनाच्या जागतिक यादीत त्याची नोंद संकटाच्या उंबरठ्यावरची जात म्हणून आहे. नाव आणि सावलीची गरज या दोन गोष्टी मात्र पोफळीशी जुळतात.

कंधारसारख्या गावी तो नीट वाढवायचा तर वाडीचेच धडे लागू पडतात. कुंडी उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या ओसरीवर ठेवावी, सकाळचे कोवळे ऊन चालते, दुपारचे नाही. एकटी कुंडी ठेवण्यापेक्षा आठ-दहा कुंड्या जवळजवळ ठेवाव्यात. नुसती काळी माती घालू नये. ती ओली असताना चिकटून बसते, हवा खेळू देत नाही, आणि सुकली की आक्रसून मुळे तोडते. तिच्यात पालापाचोळ्याचे खत आणि जाड वाळू मिसळावी. बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असतील तर पानांची टोके तपकिरी होतात. पाणी कमी पडले असे समजून आपण आणखी तेच पाणी घालतो आणि टोके आणखी जळतात. पावसाचे साठवलेले पाणी सगळ्यांत चांगले.

याच कुंड्यांवर एक प्रयोग होऊ शकतो. दोन साधे तापमापक घ्यावेत, एकाच्या फुग्याला ओली चिंधी गुंडाळावी आणि दोन्हींना पुठ्ठ्याने सारखाच वारा घालावा. दोन्हींतल्या अंशांचा फरक म्हणजे हवेच्या तहानेचे माप. मे महिन्यातल्या दुपारी उघड्या मैदानावर हा फरक पंधरा अंशांच्याही वर जातो. मग हेच माप लिंबाच्या दाट सावलीत, कुंड्यांच्या घोळक्यात आणि शाळेच्या पत्र्याखाली घ्यावे. पत्र्याखाली सावली असते, पण तहान मैदानाइतकीच निघते असे बहुधा दिसेल. पत्रा आणि झाड यांच्या सावलीतला भेद मुलांना आकड्यांत कळतो.

वाडीची सावली एकदा गेली की परत आणणे किती कठीण असते, ते श्रीवर्धनने अलीकडे पाहिले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर, दिवेआगर-श्रीवर्धनच्या परिसरात आदळले. नारळ, आंबे, फणस उन्मळून पडले आणि पोफळींच्या बागाच्या बागा मधोमध मोडून आडव्या झाल्या. तिथल्या वाड्या गुंठ्यांत मोजायच्या. त्यामुळे भरपाई हेक्टरवर द्यायची की झाडावर, हा वाद तेव्हा बराच झाला. पण पैसे मिळाले तरी लगेच रोपे लावून भागत नव्हते. रोपवाटिकेत वर्ष-दीड वर्ष वाढलेले पोफळीचे रोप लावायला सावली हवी, आणि सावली देणारी झाडेच गेलेली. ज्या पोफळी वाचल्या त्यांच्या खोडांवर आता थेट ऊन पडू लागले. बागायतदारांसमोर पुन्हा पहिल्यापासूनचा क्रम होता: आधी केळी, मग पोफळीचे रोप, त्याबरोबर नारळ. रोपाला पहिला घोस धरायला पाच ते आठ वर्षे लागतात, आणि डोक्यावरचे छत पूर्ववत व्हायला त्याहून पुष्कळ जास्त.

हा इतिहास सांगताना एक गोष्ट मुलांपासून लपवू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीला, तंबाखू न घालता खाल्लेल्या सुपारीलाही, माणसात कर्करोग निर्माण करणारा पदार्थ म्हणून नोंदवले. तोंड उघडेनासे होण्याचा विकारही तिच्यामुळेच होतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. पूजेतली सुपारी तांदळावरच राहू द्यावी, आणि सोललेली नव्हे अशी एखादी अख्खी सुपारी मिळाली तर वर्गात फोडून दाखवावी. बाहेरचे काथ्यासारखे साल आणि आतले नक्षीदार बी पाहिले की नारळाचे हे भावंड मुलांच्या चटकन ध्यानात येते.